तुरेवालीची झोप

१४ ऑक्टोबर

याही वर्षी नाही! पानं मात्र ही एवढाली, तळहाताएवढी, माजलेली. फूल एक नाही. मी त्या कुंडीपुढे हात जोडून उभी आणि ती माझ्याकडे पाठ फिरवून.

कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्याला पुन्हा विचारलं. हसला. "बाई, हे थंडीतलं झाड. या उकाड्यात जगतंय हेच खूप समजा. तुम्ही जास्वंद का नाही लावत?" जास्वंद का नाही लावत! जास्वंद फुलली म्हणून ताई येणार आहे का?

भाऊजी गेले त्या वर्षी मी ताईला आणायला वर गेले होते, तिच्या थंडीच्या गावात. दोन दिवस तिच्या मागे भुणभुण लावली — एकटी काय करशील, मीही एकटीच, मागची खोली रिकामी आहे, चल. तिसऱ्या दिवशी तिने अंगणातल्या झाडाची एक मुळं धरलेली फांदी डब्यात लावून माझ्या हातात दिली. "बबडे, हे तुझ्याकडे फुलू दे. ज्या दिवशी फुलेल त्या दिवशी बोचकं बांधून येते. शब्द!"

चोपन्न वर्षांच्या बाईला बबडे म्हणते. पण ताईचा शब्द म्हणजे शब्द. लहानपणी मांजरीचं पिल्लू हरवलं तेव्हा म्हणाली, सापडेपर्यंत जेवणार नाही. आईने मारलं, समजावलं, घास भरवायला बसली. नाही जेवली. दुसऱ्या दिवशी पिल्लू माळ्यावर सापडलं, तेव्हा पहिला घास घेतला.

तर असं आहे. हे झाड फुललं की ताई येईल. म्हणून हे झाड.

१९ ऑक्टोबर

ताईचा रविवारचा फोन. तिच्या फोनला अजून बटणं आहेत, फोटो पाठवून उपयोग नाही. सगळं तोंडाने सांगायचं.

पानांवर तपकिरी ठिपके पडलेत म्हटलं. "वरून पाणी ओततेस ना? मुळाशी घाल. सकाळी घाल. ठिपक्यांची पानं काढून टाक, वारा खेळू दे." दुपारी मान टाकते म्हटलं. "टाकू दे की! माती ओली आहे ना? मग पाणी घालायचं नाही. संध्याकाळी आपली आपण उठते. तू लगेच तांब्या घेऊन धावतेस. मुळं कुजवशील एक दिवस." बसलीय तिकडे उंटावरून शेळ्या हाकत! पण हाकते बरोबर.

फूल कधी येईल, हे मात्र ती कधीच विचारत नाही. मला वाईट वाटू नये म्हणून असेल.

२६ ऑक्टोबर

दुपारी पंख्याखाली डोळा लागला. मागच्या खोलीत ताई दिसली. खिडकीशी बसून विणत होती. लोकरीचा गुंडा घरंगळत खाटेखाली गेला, मी काढायला वाकले, तर खाटेखाली सगळं पांढरं — तुरेच तुरे, गार, ओले. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

जागी झाले तेव्हा पाठ घामाने चिंब होती. तरी उठले नाही. ताई अजून त्या खोलीत आहे असं धरून तशीच पडून राहिले.

हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाईचा एक स्क्रू ढिला झाला. म्हणून इथे लिहिते. मला ताई हवी आहे. संध्याकाळी कुलूप काढलं की आत कुणीतरी खोकलेलं मला हवं आहे. आई गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणी दार आपटलेलं नाही.

९ नोव्हेंबर

ताई म्हणाली, "आमचं झाड झोपलं बरं का. सगळी पानं गळाली. नुसत्या काड्या उभ्या आहेत."

झोपलं? कधीपर्यंत?

"थंडी सरेपर्यंत. मग जागं होतं, नव्या फांद्या फुटतात आणि त्या नव्या फांद्यांच्या शेंड्याला तुरे."

फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन कुंडीसमोर बसले. हायड्रेंजिया म्हटलं की लोकांना गोल गेंद आठवतो. ही त्यातली नाही. हिचा तुरा निमुळता, वीतभर, फांदीच्या टोकावर. म्हणून मी हिला तुरेवाली म्हणते — तुरा नसताना! ताईकडे ती पांढरी फुलते आणि रात्री गार होऊ लागल्या की हळूहळू गुलाबी होते. ते मी एकदाच पाहिलंय. अंगणात कुणी लाजून उभं आहे असं वाटलं होतं.

आणि इकडे ही. बारा महिने उकाडा, बारा महिने जागी. हिला झोपच नाही! आल्यापासून डोळ्याला डोळा नाही आणि मी हिच्याकडे फुलं मागतेय. मला एक रात्र झोप नसली तर दुसऱ्या दिवशी मी माणसांवर भुंकते.

१० नोव्हेंबर

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी नोकरी कुठे करते? कोल्ड स्टोरेजमध्ये!!

२१ नोव्हेंबर

इतके दिवस धीर होत नव्हता. आज साहेबांना विचारलं.

मी त्या इमारतीत निम्मं आयुष्य काढलंय. कुठला माल कुठल्या खोलीत, किती अंशांवर, कुणाच्या शेजारी काय ठेवायचं नि काय नाही — हे माझं काम. साहेब मागच्या वर्षी आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत चढवला. "झाड? झोपायला?" होय म्हटलं. "आणि उठवणार कोण? तुम्हीच?" मग एकदम हसले. "ठेवा. वाटेत येऊ देऊ नका म्हणजे झालं."

बाहेर येऊन थंडोबाला सांगितलं. थंडोबा म्हणजे आमचा मशीनवाला, गारव्याची सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात. नाव पडलं कारण इमारतीला आग लागली तरी तो आधी हातातला चहा संपवेल. तो म्हणाला, "आणा बाई. माणसं कुठे धड झोपतात? झाड तरी झोपू दे."

१ डिसेंबर

नेली! मालाच्या टेम्पोत माझ्या पायांशी बसून आली, प्रत्येक खड्ड्याला माना डोलावत.

बटाट्याच्या खोल्या छतापर्यंत भरलेल्या. चार नंबरमध्ये दाराशी कोपरा मोकळा मिळाला. कुंडीला पेट्यांतल्या पेंढ्याची ऊब दिली, वर एक गोणपाट. थंडोबाने काटा पाहिला. तीन अंश.

बाहेरच्या घामातून आत शिरलं की आपला श्वास पांढरा दिसतो. दार लावून घेतलं आणि जरा उभी राहिले. मशीनची घरघर, दिव्याभोवती धुकं, आणि सगळीकडे सफरचंदांचा तो गोड वास. रोज त्याच खोलीत जाते, आज पहिल्यांदा वाटलं की इथे कुणालाही झोप येईल. माझेच डोळे मिटायला लागले. तिला म्हटलं, झोप गं बाई. आता कुणी काही मागत नाही तुझ्याकडे.

७ डिसेंबर

ताईला सांगितलं, तुरेवालीला गारव्याला ठेवलंय. कुठे ते नाही सांगितलं. फुलली की सगळंच सांगेन, हसून हसून लोळेल.

मागच्या खोलीला पडदे शिवायला टाकले. निळे.

९ डिसेंबर

मारलं मी तिला.

सकाळी दार उघडलं तर खाली सगळी पानं. एक अंगावर नाही. पिवळी नाही, वाळलेली नाही — हिरवीच्या हिरवी पानं, देठापासून सुटून पडलेली. कुंडीत तीन-चार काड्या.

१० डिसेंबर

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते, कारण कुठेतरी लिहायलाच हवं.

सफरचंदांच्या खोलीत दुसरं काही ठेवायचं नाही! ही आमच्या धंद्यातली बाराखडी. सफरचंद पिकताना त्यातून वायू सुटतो. त्याने शेजारची काकडी पिवळी पडते, गाजर कडू होतं, कोबीची पानं सुटून पडतात. हे मी किती जणांना ओरडून सांगितलंय! मागे एका टेम्पोवाल्याने काकडीच्या चार पेट्या घाईत तिथे लावल्या, तर मी त्याचा असा उद्धार केला की बिचारा आजही मला बघून रस्ता ओलांडतो. आणि मी स्वतःच्या हाताने तुरेवाली त्या खोलीत नेऊन ठेवली. वर गोणपाट पांघरलं. का? कारण ती माझ्या लेखी माल नव्हती. काकडी असती तर एका क्षणात आठवलं असतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय.

थंडोबाला दाखवलं. म्हटलं उचल, फेकून दे, मला बघवत नाही. त्याने आधी चहा संपवला. मग नखाने एका काडीची साल खरवडली. "बाई, हिरवी आहे की आतून."

मी पाहिलं. खरंच हिरवी! ओली, पोपटी रेघ.

"मेलेलं नाही हे," तो म्हणाला. "तुम्ही झोपायला आणलं होतं ना? मग झोपलंय. कपडे काढून झोपलंय एवढंच."

मी रडायच्या बेतात होते आणि हसले. हलवू का दुसरीकडे विचारलं. तर म्हणे, "आता पानंच नाहीत. सफरचंद काय बिघडवणार तिचं?"

१४ डिसेंबर

ताईने विचारलं, झाड कसं आहे? म्हटलं, झोपलंय. नुसत्या काड्या आहेत.

मग म्हणाली, "तिकडे? पानं गळाली? तिकडे कशी गळाली?" आवाज जरा वेगळाच वाटला. काळजी असेल.

२ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत जाऊन येते. मातीला बोट लावते, अगदीच कोरडी वाटली तर घोटभर पाणी. बाकी काही करायचं नाही हेच अवघड! कोट घालून तिथे उभी राहते. पेट्यांच्या रांगा धुक्यात मागे मागे जातात. वाटतं, मागच्या भिंतीला एक दार असेल आणि ते उघडलं की ताईचं अंगण.

गंमत म्हणजे आजकाल मलाही गाढ झोप लागते.

८ फेब्रुवारी

ताईकडून छाटणी समजून घेतली. "घाबरू नकोस कापायला. ही जुन्या लाकडावर फुलत नाही, नव्या फांदीवर फुलते. बारीक काड्या मुळाशी उडव. जाड आहेत त्यांच्यावर दोन-दोन जोड्या डोळे ठेव, बाकी छाट."

सगळं नीट सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "फार आशा धरू नकोस गं." मी म्हटलं, तू बोचक्याची तयारी कर! हसली. पण उशिरा हसली.

११ फेब्रुवारी

कापलं. उरलं ते झाड म्हणायला जीभ वळत नाही — कुंडीत रोवलेल्या चार खुंट्या. साहेब येऊन बघून गेले. "झोपलेल्याचे केस कापलेत तुम्ही," म्हणाले.

एकदम उन्हात न्यायचं नाही. आधी माल चढवतात त्या शेडच्या सावलीत, मग घरी.

१ मार्च

घरी आणली. गॅलरीचा पूर्वेचा कोपरा. सकाळचं ऊन, दुपारी भिंतीची सावली. छोटी कुंडी मोठ्या कुंडीत बसवली आणि मधल्या फटीत पेंढा भरला, म्हणजे मुळं भाजणार नाहीत. मातीवरही पेंढा. अजून सफरचंदांचा वास आहे त्याला.

६ मार्च

डोळे फुगले!!

७ मार्च

काल जे लिहिलं ते खरं आहे. सकाळी पुन्हा पाहिलं. जोडीजोडीने, फांदीच्या दोन्ही अंगांना. मुंगीच्या डोक्याएवढे, लालसर. साहेबांनी विचारलं होतं ना, उठवणार कोण. आपली आपण उठली बाई.

२९ मार्च

फांद्या अशा सुटल्यात की काठी लावावी लागली. जुनी पानं आठवली. ती नुसतीच जागी असायची, ही जोमात आहे. फरक कसा सांगू! रात्रपाळी करून आलेला माणूस आणि रविवारी दहाला उठलेला माणूस.

पडदे आले. लावले. ताईसाठी टेबलफॅन घेतला, तिला उकाडा सोसायचा नाही. खाट खिडकीपासून जरा आत सरकवली. मग परत खिडकीशी.

१२ एप्रिल

हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. दुपारी तुरेवालीने सगळी पानं खाली सोडली. मी तांब्या भरला. मातीला बोट लावलं — ओली. तांब्या ठेवून दिला. तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले, ती मलूल, मी मलूल. ऊन उतरलं तशी एकेक पान उचलायला लागली. शेवटी अशी उभी राहिली की जणू काही झालंच नव्हतं.

सगळ्यांना लगेच पाणी घालायचं नसतं. हे मला कुणी आधी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल

भाची आली. ताईची मुलगी. तिच्या ऑफिसचं इथे काही काम आहे, दोन दिवस राहील. घरात दुसऱ्या माणसाचा ओला टॉवेल! मी उगाचच तीनदा जाऊन त्याला हात लावला.

तुरेवाली दाखवली. "वा मावशी, पानं मस्त आहेत." कळ्या नाहीत अजून म्हटलं. तिला मागची खोली दिली.

२५ एप्रिल

हे लिहायचं नाही असं ठरवून संध्याकाळभर बसले. लिहितेच.

सकाळी चहाचा कप घेऊन भाची त्या खोलीत फिरली. पडदे बघितले तिने. पंखा बघितला. खाटेशेजारी मी लोकर ठेवायला टोपली ठेवलीय, ती बघितली. म्हणाली, "मावशी, ही सगळी तयारी आईसाठी?"

मग कुणासाठी, म्हटलं. झाड फुललं की येणार आहे ती.

भाचीने हातातला कप खाली ठेवला. "मावशी, तू रागावू नकोस. आईला इथे यायचंच नव्हतं गं. तुला नाही म्हणवेना तिला. तू दोन दिवस रडत होतीस. म्हणून झाडावर ढकललं तिने. तिकडच्या उकाड्यात ते फुलत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तर तेच झाड दिलं."

मी म्हटलं, पण ती तिथे एकटी आहे.

"एकटी आहे. पण खूश आहे गं! सकाळी लोकरीचं दुकान उघडते, बायका येऊन बसतात, तिच्याकडून टाके शिकतात. संध्याकाळी शेजारच्या पोस्टमास्तरकाकांशी पत्ते. त्यात ती फसवते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मावशी, तिला आता कुठे तिचं तिचं काही मिळालंय. डिसेंबरात तू म्हणालीस पानं गळाली, तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नाही. 'फुललं तर जावं लागेल, शब्द दिलाय' म्हणते."

मी भांडी घासायला उठले. घासलेलीच परत घासली.

२६ एप्रिल

भाची गेली. ताईचा फोन आला. उचलला नाही.

३० एप्रिल

माझा संताप संताप होतोय. नको होतं तर नको म्हणायचं! मी काय लहान आहे? मी तीन उन्हाळे त्या काड्यांची सेवा केली, साहेबांपुढे हसं करून घेतलं, पडदे शिवले. आणि ती तिकडे बसून "मुळाशी पाणी घाल गं", "सकाळी घाल गं"! पालथ्या घड्यावर पाणी घालायला लावलं मला, तेही मुळाशी!

११ मे

तुरेवालीकडे बघत नाही. पाणी घालते, सवय म्हणून. खाली मान घालून.

कामावर थंडोबाने विचारलं, काय म्हणतंय झाड? म्हटलं, काही म्हणत नाही. "तुम्ही पण चार नंबरला जाऊन पडा जरा," म्हणाला.

१७ मे

ताईचा फोन उचलला. दोघी पाण्याबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो. तिला खोकला झालाय. मागे दुकानातल्या बायकांचा कलकलाट ऐकू येत होता, आणि मध्येच ती फोन बाजूला करून ओरडली, "अगं उलटा टाका, उलटा!" केवढ्या जोरात ओरडली! माझ्यावर इतक्या वर्षांत अशी ओरडली नाही. सासरी होती तेव्हाही नाही. आवाजात एक तरतरी होती.

फोन ठेवला आणि लक्षात आलं की मी हसतेय.

२३ मे

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन — आणि तेही नको झाल्यावर.

कळ्या आल्यात. प्रत्येक फांदीच्या शेंड्याला. हिरव्या कण्यांचा गुच्छ, खाली रुंद, वर निमुळता. नीट मोजलेच नाहीत. हात लावायची भीती वाटली. मग खाली फरशीवर बसले आणि पोटभर रडले. कशासाठी ते धड सांगता येणार नाही. तिच्यासाठी रडले. एवढ्या घामातून ती करून दाखवतेय, आणि आता तिचं कौतुक कुणाला सांगू?

७ जून

फुलली. पांढरी! सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि मी दारातच थांबले. वीतभर लांब तुरे, जरा वाकलेले, त्यांच्या भाराने फांद्या झुकलेल्या. वारा नव्हता तरी हलल्यासारख्या वाटत होत्या. खोलीत पांढरा उजेड आला होता. स्वप्नातली खाटेखालची फुलं अशीच होती. बोट लावलं तर गारसुद्धा होती.

शेजारच्या जिन्यावरून नर्सरीवाल्याने पाहिलं. "हे ते झाड?" हो म्हटलं. "शक्यच नाही," म्हणाला. नाहीच आहे, म्हटलं.

ताईने फोन केला. मी उचलला नाही. खोटं बोलायची तयारी नव्हती आणि खरं बोलायची तर मुळीच नव्हती.

१० जून

थंडोबा नि साहेब बघून गेले. साहेबांनी बूट बाहेर काढले. थंडोबा एवढंच म्हणाला, "झोप झाली की असं होतं."

कामावरून येताना मनात तेच. एक वाक्य बोलायचं आहे — "ताई, फुलली." ती येईल. रडणार नाही, कुरकुरणार नाही. दुकानाला कुलूप लावेल, पोस्टमास्तरकाकांना पत्त्यांचा जोड देऊन टाकेल, बोचकं बांधेल आणि येईल. निळ्या पडद्याच्या खोलीत बसेल. संध्याकाळी घरातून खोकला ऐकू येईल. मला हवं ते सगळं मिळेल. आणि ताई बारा महिने जागी राहील इथे. नुसती पानं.

१४ जून

रविवार. फोन वाजला. तुरेवालीसमोरच बसून घेतला.

इकडचं तिकडचं झालं. मग तिने पहिल्यांदा विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! "बबडे, झाडाला काही आलं का गं?"

मी म्हटलं, "नाही गं. याही वर्षी नाही. नुसती पानं."

तिला मध्ये बोलू दिलं नाही. मी म्हटलं, "मला वाटतं हे इथलं झाडच नाही. आता सोडून देते मी नाद. तूही तो शब्द विसरून जा. तुझं दुकान बघ."

पलीकडून लांब श्वास ऐकू आला. धरून ठेवलेला श्वास सोडला की येतो तसा. "बरं," म्हणाली.

समोर तुरे आता हिरवट पांढरे होत चाललेत. गुलाबी काही व्हायचे नाहीत, रात्रीसुद्धा इथे पंखा लागतो. न होवोत. असेही मला आवडतात.

संध्याकाळी मागच्या खोलीतली टोपली उचलून माळ्यावर टाकली. पडदे राहू दिले.

१८ जून

आज गुरुवार, आणि ताईचा फोन! "तीन वर्षं झाली, तुझ्याने एक तुरा काढवत नाही म्हणजे काय? काहीतरी चुकतंय तुझं. मी येतेय शनिवारी. राहायला नाही हं! बघायला. महिनाभर. दुकान पोस्टमास्तरांवर टाकलंय, टाके चुकवतील मेले. आणि शब्दाबिब्दासाठी नाही, मला यावंसं वाटलं म्हणून येतेय. ठेवते."

परवा! आणि गॅलरीत हे पांढरं रान. थंडोबाला सांगितलं तर म्हणे, चार नंबरला कोपरा मोकळा आहे, बाई. सफरचंदांपाशी दोन दिवसांत सगळे तुरे साफ.

नको म्हटलं. कुंडी ओढत ओढत आणून घराच्या पुढच्या दारात ठेवलीय.